तोंड गिऱ्हाईकाकडे

किणीकर साहेबांनी दोन बोटांनी आईचा खांदा धरला आणि तिला जरा डावीकडे फिरवलं. बस, एवढंच झालं. ढकललं नाही, ओढलं नाही, आवाजही चढवला नाही. उलट "मावशी, असं" म्हणताना ते छान हसलेसुद्धा. पण जयदेवच्या हातातली चटणीची वाटी तिथल्या तिथे थबकली. काल सकाळी ह्याच दोन बोटांनी साहेबांनी टेबलावरचा मिक्सर फिरवला होता, बटण पुढे आणि वायर मागे येईल असा, आणि मग दोन पावलं मागे सरून, एक डोळा मिटून म्हणाले होते, "तोंड गिऱ्हाईकाकडे, जयदेव. नेहमी तोंड गिऱ्हाईकाकडे." आताही ते तसेच मागे सरले, तोच डोळा मिटला, आणि समोर मिक्सरऐवजी जात्यापाशी मांडी घालून बसलेली त्याची आई होती. लग्नघरी जाताना नेसते ते हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, नाकात नथ. ती निमूट फिरली. सानपाड्यापासून तुर्भ्यापर्यंत नवरदेवांचे बाप जिच्यापुढे हात जोडून उभे राहतात, जिने पहिला सूर लावल्याशिवाय हळदीच्या मांडवात पान हलत नाही, ती लग्नविधीची गाणी म्हणणारी चांगुणाबाई धवलारीण दोन बोटांनी फिरली.

वाशीच्या मैदानात तीन दिवसांचं प्रदर्शन भरलं होतं. नव्या मुंबईतल्या कारखानदारांनी मिळून भरवलेलं. पांढऱ्या कापडाचा मांडव, खाली काथ्याचे गालिचे, डोक्यावर ट्यूबलाइटी, कोपऱ्याकोपऱ्यात घोंघावणारे उभे पंखे. तळोज्याचे रंगवाले, तुर्भ्याचे नळ आणि तोट्यावाले, प्लॅस्टिकच्या बादल्यावाले, आणि ह्या सगळ्यांच्या मधोमध, येणाऱ्या प्रत्येकाला ओलांडूनच जावं लागेल अशा जागी, शर्वरी मिक्सरचा स्टॉल. जागा कंपनीच्या विक्रीचं बघणाऱ्या किणीकरांनी भांडून मिळवली होती. मिक्सर काय सगळेच बनवतात, असं त्यांचं म्हणणं; प्रश्न माणसाचा पाय कुठे थांबतो हा आहे. ह्या पायावर त्यांनी अख्खं शास्त्र रचलं होतं आणि पावसाळ्यापासून जयदेवला आणि त्याच्या जोडीच्या किसनला ते पढवत होते. स्टॉलवर बसायचं नाही, बसलेला माणूस झोपलेला दिसतो. 'काय पाहिजे?' असं विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर 'काही नाही' हे ठरलेलं असतं. गिऱ्हाईकाच्या हातात काहीतरी ठेवायचं, चटणी, पावाचा तुकडा, कागद, काहीही. हात भरला की माणूस थांबतो. आणि काही झालं तरी, स्टॉलला आग लागली तरी, गिऱ्हाईकाकडे पाठ करायची नाही.

हे शास्त्र जयदेवला आवडलं होतं, ही गोष्ट त्याला आता खुपत होती. तो ह्यात तरबेज झाला होता. पिशवी सावरत भराभर चाललेल्या बाईला तो नुसतं विचारायचा, "तुमच्याकडे शेंगदाण्याची चटणी ओली करतात की कोरडी?" की बाई थांबलीच. कोरडी म्हणणारी का कोरडी ते सांगायची, ओली म्हणणारी कोरडीला नाव ठेवायची, मग तिची बहीण, मग सासूचा पाटा, आणि बोलता बोलता तिचाच हात मिक्सरच्या झाकणावर. काल एका म्हातारीने त्याला खोबऱ्याच्या वाटणाबद्दल इतकं सांगितलं की शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने मिक्सर घेतला नाही तरी जयदेवला बरं वाटलं. माणसांना बोलतं करायचं तो किणीकरांकडून शिकला असं किणीकर म्हणायचे. खरं तर ते त्याने आईकडून घेतलेलं होतं. मांडवात रुसून बसलेल्या करवल्यांना, दारू पिऊन तिरसटलेल्या काकांना, कुणाशीच न बोलणाऱ्या विहिणींना ती एकेका प्रश्नाने कशी ओढून आणायची, ते तो लहानपणी तिच्या पदराआडून बघत आला होता. किणीकरांनी त्याला शिकवलं ते वेगळंच. "जयदेव, हलद नाही, हळद. पानी नाही, पाणी. वाशीच्या बायका हसतील तुला." महिनाभर तो कंपनीच्या संडासात आरशापुढे उभा राहून हळद, पाणी, बाळ, लोणी म्हणत राहिला होता. जीभ वळली. घरी गेल्यावरही वळलेलीच राहायला लागली तेव्हा बाप, तुळशीराम, आयुष्यभर मिठागरात उभा राहून पाय फुटलेला माणूस, जेवताना म्हणाला होता, "आपल्या घरान कोन पावना आयलाय?"

आणि आज सकाळी तेच किणीकर त्याच्या आईला म्हणाले, "मावशी, अगदी तुमच्या भाषेत बोला हं. ते हाय, नाय, हलद, तसंच. फार गोड वाटतं." जयदेवच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती तिथेच राहिली. तोंडावर आली नाही. तोंडावर हसू होतं, कारण तोंड गिऱ्हाईकाकडे होतं.

चूक त्याची होती का? हा प्रश्न तो सकाळपासून टाळत होता आणि प्रश्न गोमाशीसारखा परत येत होता. किणीकरांना लग्नाचं आवतण त्यानेच दिलं होतं. गेल्या वैशाखात चुलतभावाचं लग्न. साहेब घरी येणार म्हणून त्याने पुढची खुर्ची राखून ठेवली, वर चादर टाकली, सोडा मागवला. साहेब आले, हळदीला बसले, आणि आईने सूर धरला तसा त्यांचा सोड्याचा ग्लास हातातच राहिला. जात्याला आंब्याची पानं बांधलेली, सवाष्णी हळद दळताहेत, आई डोळे मिटून गावदेवीला बोलावते आहे, मग खाडीला, मग मेलेल्या आज्यापणज्यांना एकेकाचं नाव घेऊन, की या, मांडवात या, तुमच्या पोराला हळद लागते आहे. तीनशे माणूस गप्प. साहेब परत जाताना गाडीच्या दारापाशी म्हणाले, "काय होल्ड आहे रे तुझ्या आईचा पब्लिकवर!" जयदेवला तेव्हा अभिमान वाटला होता. साहेब माणसांकडे बघत होते असं त्याला वाटलं. साहेब थांबलेले पाय बघत होते.

मग ह्या महिन्यात ती कल्पना आली. एका बाजूला जातं, एका बाजूला मिक्सर. आजीबाईंचं जातं आणि सूनबाईंचा मिक्सर. आई गात हळद दळेल, गर्दी जमली की किसन बटण दाबेल. "तुझ्यासारखा घरचा माणूस असताना मी नाटकवाले कशाला आणू?" किणीकर म्हणाले, आणि मग जयदेवच्या पाठीवर हात ठेवून हळूच, "हे प्रदर्शन नीट पार पाड, तुझं पर्मनंट झालंच समज." पर्मनंट हा शब्द त्याच्या घरात देवासारखा वावरत होता. जुईनगरच्या पुतळा नावाच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं, सुपारी फुटली होती. पण तिच्या बापूसने एकच अट घातली होती, नोकरी कायम झाल्याबिगर तारीख नाही. दोनदा चैत्र असाच गेला. पुतळा बाजारात भेटली तर मान खाली घालून जाते, आणि तिच्या चपलांचा आवाज त्याला रात्रभर पुरतो.

आईने त्याचं सगळं ऐकून घेतलं होतं. तांदूळ निवडत होती, मान वर न करता तिने एवढंच विचारलं, "पाटावर कोन बसनार?"

"कोण नाय आये. नुसतं म्हणायचं."

"नुसतं कसं म्हनायचं? देवाला बोलवायचं, आजाला बोलवायचं, नि पाट रिकामा ठेवायचा? ती यायची नि बघायची कोनाला?"

"वरचं वरचं म्हण. जात्यावरचं म्हण काहीतरी. त्यांना कुठे कळतंय."

"त्यांना नाय कलत," आई म्हणाली. मग तांदळातून बोटं फिरवली. "तुजं कायम होल नं पन? पुतलाचा बापूस थांबलाय तो." आणि ती उठली, जातं धुवायला. तिच्या माहेरून आलेलं जातं, तिच्या स्वतःच्या हळदीला ज्याच्यावर दळलं ते. कंपनीचा टेम्पो आला तेव्हा तिने ते पोत्यात बांधू दिलं नाही. स्वतःच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, मांडीशी धरून ती टेम्पोत मागे बसून आली.

काल पहिल्या दिवशी तिने जात्यावरच्या साध्या ओव्या म्हटल्या. आईबापाच्या, भावाच्या, माहेरच्या वाटेच्या. चार बायका थांबल्या, दोन पुढे गेल्या. किणीकरांनी संध्याकाळी ओठ मुडपले. "हे नाही रे. ते लग्नातलं. अंगावर काटा येतो ते." आणि आज दुपारी तीनची वेळ जाहीर झाली. लाउडस्पीकरवर बाई सांगत होती की शर्वरी मिक्सरच्या दालनात आगरी लग्नातील दुर्मिळ हळदी समारंभ, सर्वांना आगत्याचं निमंत्रण, महिलांनी अवश्य यावं. जयदेव मिक्सरमागे उभा राहून हे ऐकत होता आणि त्याला कळत नव्हतं की त्यांच्या घरातल्या हळदीचं निमंत्रण ही कोण बाई, कुणाच्या वतीने, कुणाला देते आहे.

किसन शेजारी पाव कापत होता. नांदेडकडच्या खेड्यातला, आता तुर्भे स्टोअरच्या मागे चाळीत राहणारा, बोलायला कमी. तो पाव कापता कापताच म्हणाला, "माझ्या आज्याला पाटलाकडून निरोप यायचा. वरात हाय, डफडं घेऊन ये. जेवण उरलं तर मिळायचं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आज्यानं ते डफडं नदीत सोडलं. भुकेनं मेलो तरी बोलावल्यावर वाजवणार नाय, म्हणला."

"आणि मग?"

"मग काय. उपाशी राहिले घरचे काही साल." किसनने सुरी पुसली. "तुझ्या आईला हौस आहे म्हणून आलीय का?"

जयदेवने चटणीची वाटी उचलली, कारण तीन वाजत आले होते, आणि तेवढ्यात किणीकरांनी ती दोन बोटं आईच्या खांद्याला लावली.

आई गायला लागली. पहिल्या ओळीला लोक आपापलं बोलतच होते. दुसऱ्या ओळीला जवळच्या बायका गप्प झाल्या. आणि मग तो सूर गालिच्यावरून सरपटत शेजारच्या बादल्यांच्या स्टॉलपर्यंत गेला, आणि तिथली माणसं वळली. वरचं वरचं म्हणणं तिला येतच नव्हतं. जात्याचा खुंटा धरला, डोळे मिटले, की ती जिथे जायची तिथे गेली. तिने गावदेवीला बोलावलं. खाडीला बोलावलं, जिच्यावर आता पूल आहे. आजाला बोलावलं, ज्याच्या मिठागराची जागा आता सेक्टरच्या नंबराने ओळखतात. तिचा पणजा, तिची सासू, गेल्या वर्षी गेलेली तिची जाऊ, एकेकाचं नाव घेऊन, आर्जव करून. आणि जयदेवच्या मानेवरचे केस उभे राहिले, कारण ही सगळी माणसं कधी नाही ती आलीच तर ह्या ट्यूबलाइटींच्या उजेडात, काथ्याच्या गालिच्यावर, नळांच्या आणि तोट्यांच्या मधून वाट काढत येणार, आणि पाट रिकामा. साहेबांनी शोभेला म्हणून मांडलेला, नवा, किमतीची चिठ्ठी खाली चिकटलेली असलेला पाट.

गर्दी दाटली. साहेबांचा चेहरा उजळला. पाय थांबले होते. ते पुढे झाले, परातीतली दळलेली हळद चिमटीत घेतली आणि मोठ्याने म्हणाले, "मावशी, आता ही सगळ्यांच्या हाताला लावा. येणाऱ्या प्रत्येकाला हळदीचं बोट!" हातात काहीतरी ठेवायचं. शास्त्र.

आईने डोळे उघडले. झोपेतून उठवल्यासारखी बघत राहिली. "अशी नाय लावायची," ती म्हणाली. "पहिली नवऱ्याला लागते. त्याची उष्टी मग बाकीच्यांना."

"नवरा?" किणीकरांनी इकडे तिकडे बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत ती चमक आली जी जयदेवला चांगली ठाऊक होती, गिऱ्हाईक गळाला लागलं की येणारी. "नवरा तर हा काय! कधीचा सजून उभा आहे!" आणि त्यांनी मिक्सरच्या पांढऱ्या अंगावर हळदीची बोटं ओढली. "शर्वरीचं लग्न! बोला मावशी, नाव घ्या नवऱ्याचं!"

लोक हसले. वाईट माणसं नव्हती ती. वाशीतल्या कॉलनीतल्या बायका, सुटीचे कारकून, कडेवर पोरं घेतलेले बाप. हसण्यासारखं होतं म्हणून हसले. आईही हसली. हेच जयदेवला सोसलं नाही. ती ओठ मिटून, मान एका बाजूला करून, परक्या घरी पाहुणचाराला गेल्यावर हसतात तशी हसली. आणि हसता हसता तिने त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती विचारत होती, पोरा, घेऊ का नाव? तुझं कायम होणार असेल तर घेते. मिक्सरचं घेते. आजा बघतोय, पण घेते.

त्याच्या डोक्यात काहीतरी तुटलं. लाज वाटली, किळस वाटली, साहेबांची वाटली त्याच्या दुप्पट स्वतःची वाटली. हळद, पाणी, बाळ, लोणी म्हणणाऱ्या त्या आरशातल्या तोंडाची वाटली. आम्ही जमीन दिली, मिठागर दिलं, जीभ वळवून दिली. आता मेलेली माणसंही मांडून दाखवायची का तुमच्या टेबलावर? वाटी त्याने टेबलावर ठेवली. गळ्यातला कंपनीचा निळा टाय तसाच, छातीवरचा बिल्ला तसाच, तो टेबलाला वळसा घालून पुढे आला आणि त्या नव्या पाटावर आईपुढे बसला.

"मना लाव, आये," तो म्हणाला. "जयदेव तुलशीराम. नवरी पुतला, जुईनगरची. लाव."

आईचा हात परातीवर थांबला. "अरं, पुरं समजून बोलतंस का?" ती पुटपुटली. "हलद लागली का नवऱ्याला काम नाय करवत. घराभायेर पाय टाकत नाय. लगीन लागल्याबिगर उतरत नाय ती."

"ठाऊक हाय."

"नि तुजं कायम?"

"ऱ्हाऊ दे."

"नि तिचा बापूस?"

पुतळाच्या चपलांचा आवाज दूर जाताना त्याला स्पष्ट ऐकू आला, आणि तरी तो पाटावरून उठला नाही. आईने बघितलं, उठत नाही म्हणून. मग तिने पदर खोचला.

आणि तेव्हा त्याला मागून कुजबुज ऐकू आली. त्याला वाटलं होतं साहेब ओरडतील. साहेब त्याच्या कानाशी वाकले होते आणि त्यांचा आवाज आनंदाने थरथरत होता. "वा! जयदेव, वा! काय सुचलं तुला! खरा नवरा! थांब, उठू नको, फोटोवाल्याला बोलावलंय. उद्या पण हेच करू." बायका टाचा उंचावत होत्या. मागच्या रांगेतला एक जण पोराला खांद्यावर घेऊन म्हणाला, "बघ बघ, नवरदेव बघ." कालपासून एवढे पाय ह्या स्टॉलपुढे थांबले नव्हते. रागावून केलेलं, जीव पणाला लावून केलेलं, तेही ह्यांनी मांडून टाकलं. आता उठला तरी तमाशा, बसला तरी तमाशा. जयदेवने हताश होऊन आईकडे बघितलं.

चांगुणाबाईने परात खाली ठेवली. गर्दीकडे एकदा बघितलं, लग्नघरी शिरताना बघते तसं, कोण आपलं आणि कोण आगंतुक हे एका नजरेत मोजत. मग ती हातावर भार देऊन उठली, वाकली, आणि भरल्या जात्याला दोन्ही हात लावले. किसनच्या हातातला पाव खाली पडला. तो धावत आला आणि त्याने दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून जातं अर्धं वळवलं. तिने पाटाला हात लावला तेव्हा जयदेव आपण होऊन उठला, पाट फिरला, आणि तो परत बसला, आता तोंड स्टॉलच्या मागच्या कापडी भिंतीकडे. तिने पदर त्याच्यावरून ओढून घेतला आणि स्वतः त्याच्यासमोर अशी बसली की मैदानातल्या अख्ख्या गर्दीला हिरव्या लुगड्याची पाठ तेवढी दिसावी. किसन न सांगता तिच्या शेजारी उभा राहिला, तोही पाठ करून.

"मावशी!" किणीकर म्हणाले. "अहो मावशी, हे काय, तोंड इकडे करा! फोटो यायचाय! जयदेव, सांग ना त्यांना, पब्लिक उभं आहे!"

तिने मान वळवली नाही. हळदीचा हात तिने आधी त्याच्या पायांना लावला, मग गुडघ्यांना, खांद्यांना, मग कपाळाला, रीतीने, सावकाश. टायच्या गाठीवर पिवळा ओघळ आला. ती गात होती, पण इतक्या हळू की ते जयदेवलाच ऐकू यावं, आणि ज्यांना बोलावलं होतं त्यांना. गाणं संपलं तेव्हा तशीच पाठमोरी, काही रागाने नाही, दारात उभ्या राहिलेल्या परक्याला सांगतात तशी म्हणाली, "लगीन आमच्या घरचं हाय, साहेब. तुमाला आवतान नाय."

मागे पाय हलायला लागले. एकेक करून, गालिच्यावर घासत, लोक पुढच्या स्टॉलकडे निघाले.